पाखरांची साक्ष

भाद्रपदातल्या त्या सकाळी तलाव पांढरा दिसत होता. पाळीवरून, तलावाच्या बांधावरून पाहणाऱ्याला वाटावं, रातोरात कमळं फुलली. चार पावलं खाली उतरलं की कळावं, ती माशांची पोटं आहेत.

रोहूची पोटं. कतल्याची पोटं. मृगळाची लांबट, रुपेरी पोटं. वर आभाळ राखेच्या रंगाचं, खाली पाणी हिरवं, दाट, शिजलेल्या भाजीसारखं. आणि दोघांच्या मधे वारा म्हणून नाही. लव्हाळं हलत नव्हतं, पळसाचं पान हलत नव्हतं. मेलेले मासेसुद्धा जिथे होते तिथेच होते. त्यांना काठाला लावायलाही एक लाट उरली नव्हती.

कोसमतळे हे ढिवरांचं, मासेमारांचं गाव. गाव पाळीवर जमलं. बायकांनी पदर तोंडाला लावले. म्हाताऱ्यांनी डोक्याचे फडके सोडून खांद्यावर घेतले. मयताच्या घरी उभं राहावं तशी माणसं पाण्याच्या घरी उभी राहिली.

आनंदात होती ती फक्त पाखरं.

बगळे उतरले होते. काळे पाणकावळे उतरले होते. मातकट पाठीचे वंचक एरवी एकेकटे बसतात, तेही त्या दिवशी खांद्याला खांदा लावून उभे होते. चोच खाली, चोच वर, मान थरथरली, घास गेला. चोच खाली, चोच वर. अख्ख्या काठावर एवढीच हालचाल होती.

डोमा नान्हे पाण्यापासून दूर, पाळीच्या माथ्यावर उभा होता. त्याला पाण्यात पाय घालता येत नव्हता.

आषाढात त्याची बायको गेली होती. रेवता. त्या गावाची रीत अशी, की ज्याची बायको गेली त्याने तलावात उतरायचं नाही. घट बसायच्या आत बायकोचा भाऊ येतो. त्याचा हात धरतो, कमरेइतक्या पाण्यात नेतो, जाळ्याचं टोक त्याच्या मुठीत देतो. मग पाणी पुन्हा त्याचं होतं. तोवर जाळं आड्याला टांगलेलं, तोवर डोंगा काठावर पालथा, तोवर माणूस कोरडा.

डोमा दोन महिने कोरडा होता. ढिवराच्या अंगाला येणारा चिखलाचा, शेवाळाचा, खवल्यांचा वास त्याच्या अंगावरून निघून गेला होता. रात्री अंथरुणावर त्याला स्वतःच्या अंगाचा वास ओळखू येत नसे.

*

रेवताचा भाऊ फागू. तलावाच्या पलीकडच्या टोलीवर, छोट्या वस्तीत त्याचं घर, आणि घराला लागून, थेट पाण्याला टेकलेली त्याची धानाची बांधी.

आदल्या दिवशी दिवे लागायच्या वेळी डोमाने फागूला पाहिलं होतं.

पाठीवर फवारणीचा पंप, हातात चपला, फागू काठाकाठाने येत होता. आभाळ तेव्हाही असंच होतं, राखेचं. फागू डोमाच्या दाराच्या अलीकडे, चिंचेपाशी थांबला. एकदा तलावाकडे पाहिलं, एकदा दाराकडे. थोडा वेळ तसाच उभा राहिला. मग पाठ फिरवून आला तसा निघून गेला. डोमा आत अंधारात बसून हे सगळं पाहत होता. हाक त्यानेही मारली नव्हती.

आता पाळीवर उभं राहून, पांढऱ्या पाण्याकडे पाहता पाहता, त्याला तो पंप दिसू लागला. पंपाची निळी टाकी. टाकीतून लोंबणारी नळी. नळीच्या टोकाशी एक थेंब.

गोगलगाय लव्हाळ्याच्या देठाला अंडी चिकटवून जाते. कुणाला दिसत नाहीत, कुणाला टोचत नाहीत. ओल मिळाली की फुटतात. डोमाच्या मनात असंच काही आषाढापासून चिकटलेलं होतं.

रेवता आखाडीच्या सणाला माहेरी गेली होती, फागूच्या घरी. तिथेच तिला ताप चढला. रात्रभर पाऊस कोसळत होता, वाटेतला ओढा फुगला होता, आणि फागू सकाळ व्हायची वाट पाहत बसला. सकाळी तिला डोंग्यात निजवून तलावावरून अलीकडे आणलं, तेव्हा तिच्या डोळ्यांत तलाव दिसत होता आणि ती तलाव पाहत नव्हती.

रात्रीच डोंगा का नाही घातला पाण्यात? डोमाने हे कधी विचारलं नाही. न विचारलेला प्रश्न देठाला चिकटून राहिला. भाद्रपदात त्याला ओल मिळाली.

*

दुपारी मच्छीमार संस्थेच्या पत्र्याखाली सभा बसली. पत्रा तापत नव्हता, ऊन नव्हतंच. माशांचा वास मात्र तिथवर आला होता. अध्यक्ष मनीराम खाटेवर, बाकीचे जमिनीवर, बायका भिंतीला टेकून. फागू मधे उभा. आदल्या सांजेचा पंप डोमाने सकाळीच मनीरामच्या कानावर घातला होता.

"पंप घेऊन तलावावर कायले आलता?" मनीरामने विचारलं.

"धानावर तुडतुडा पडला. फवारून आलो. पंप बोअरवर धुतला. तलावाचं पाणी लावलं नाही त्याले."

"मंग इकडं काहून?"

"मासे वर येऊन तोंड काढत होते. लक्षण बरं नव्हतं. भाऊजीले सांगाले आलतो."

"सांगतलं?"

फागूने पायाच्या अंगठ्याने जमीन उकरली.

"सांगतलं का नाही, इतकंच इचारून रायलो."

"नाही."

"दारापावतर येते, सांगत नाही, अन् सकाळी तलाव मरते," मागून कुणीतरी म्हणालं. "मोठा गुणाचा हाय गा."

डोमा उठला. तो सभेत कधी बोलत नसे. रेवता बोलायची. तिचं बोलणं ऐकून तो मान हलवायचा. आज मान हलवायला पुढे कुणी नव्हतं म्हणून त्याला स्वतःच बोलावं लागलं.

"विष हाय," तो म्हणाला. "मेलेले मासे पाखरं खाऊन रायले. विष अशीन तं पाखरं मरतीन. पाखराले कोणी शिकवत नाही, पाखरू खोटं बोलत नाही. मी पाळीवर बसतो. पाखरांचा निकाल लागतवरी फागूचा डोंगा पाण्यात उतरू देऊ नका."

"अन् नाही मेले तं?" भिंतीकडून बिरजाबाईने विचारलं. ती बाजारात मासे विकायची. तिचा आवाज बाजारातलाच होता.

"मरतीन."

"मी नाही मेले तं इचारलं, भाऊ."

डोमाने तिच्याकडे पाहिलं नाही. फागूने डोमाकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग असता तर डोमाला बरं वाटलं असतं.

*

मग डोमा पाळीवर बसला. कोसमाच्या झाडाखाली, मोठ्या दगडावर, सकाळपासून सांजेपर्यंत. पाखरं मरायची वाट पाहत.

पाखरं मरत नव्हती.

बगळे पहाटे येत, पांढऱ्या कापडाच्या चिंध्या आभाळातून सोडाव्यात तसे. पाणकावळे पोट भरलं की वाळक्या खोडावर पंख पसरून बसत, छत्री वाळत घालावी तसे. कमळाच्या पानांवरून लांब बोटांचा कमळपक्षी चालायचा, पान बुडायच्या आत पुढच्या पानावर. टिबुकली बुडी मारायची आणि भलत्याच ठिकाणी डोकं काढायची. डोमा एकेकावर डोळा ठेवी. याची मान लवली का? याचा पाय लटपटला का? त्या पाणकावळ्याने डोळे मिटले, ते झोपेने की विषाने?

पाणकावळा डोळे उघडायचा. पंख झटकायचा. उडून जायचा.

जन्मभर डोमाने या पाखरांकडे पाहिलं होतं, ते मासे कुठे आहेत हे कळावं म्हणून. बगळा जिथे थांबला तिथे जाळं टाकायचं, हे बापाने शिकवलं होतं. आता तो त्याच पाखरांकडे ती पडावीत म्हणून पाहत होता. संध्याकाळी घरी जाताना त्याच्या तोंडाला कडू चव येई. गूळ खाल्ला तरी जात नसे.

बिरजाबाई बाजाराला निघाली की पाळीवरून जायची. डोक्यावर घमेलं, घमेल्यात पाणी, पाण्यात काहीतरी वळवळत असलेलं.

"मेलं का भाऊ एखादं?"

"नाही अजून."

"हे पाय." तिने घमेलं खाली ठेवलं. काळे, मिशाळ मागूर एकमेकांवरून सरकत होते. "मागूर जित्ता. शिंगी जित्ती. मरळ कालच फडफडत गावली. हे सारे वर येऊन हवा गिळणारे. रोहू-कतला मेले, त्यायले पाण्यातलाच श्वास लागते. विष काय जात पाहून मारते?"

"चिवट असते मागूर."

"हो. माणसावानी." तिने घमेलं डोक्यावर घेतलं. "पाणी गुदमरलं, दुसरं काही नाही. पाय किती हिरवं झालं ते. गावातल्या साऱ्या बांध्यांचं खत पावसानं इथंच उतरते, माह्या बांधीचंबी. मंग तीन दिवस ना ऊन, ना वारा. तू अन् मी एका खोलीत दार लावून बसलो तं दोघंही मरू."

"तुह्यासंग दार लावून कोण बसते?"

"हसला," बिरजाबाई म्हणाली आणि पुढे निघाली. "रेवता गेल्यापासून आजच."

ती दिसेनाशी झाल्यावर डोमाने हसू पुसून टाकलं. ही फागूच्या बाजूने का बोलते? तिचं माहेर टोलीवरचं तर नाही? त्याने आठवून पाहिलं. नव्हतं. तरी त्याला वाटलं, काहीतरी असणार. हल्ली त्याला सगळ्यांमागे काहीतरी असल्यासारखं वाटे. बोलणाऱ्यामागे, न बोलणाऱ्यामागे, चिंचेच्या सावलीमागे.

मेलेले मासे संपले. काही पाखरांनी खाल्ले, काही कुजून तळाला गेले. मग पाखरंही कमी होऊ लागली. पाणकावळे आधी गेले. वाळकं खोड रिकामं झालं. बगळ्यांची रांग विरळ झाली, दातांमधे फटी पडाव्यात तशी. ज्या पाण्यात मासे नाहीत त्या पाण्यावर पाखरू कशाला थांबेल? हे डोमालाही कळत होतं. पण संशयी मन रिकाम्या खोडाकडे पाहून म्हणालं, गेले नसतील. दूर कुठेतरी जाऊन मेले असतील.

"काय म्हणतात पाखरं?" मनीराम अधूनमधून विचारायचा.

"थांबा," डोमा म्हणायचा.

*

पितरांचा पंधरवडा लागला. घराघरांतून कावळ्यांना हाका जाऊ लागल्या. अशाच एका सकाळी डोमाला मेलेलं पाखरू सापडलं.

बेशरमीच्या झुडपांच्या जाळीत, काठाच्या ओल्या मातीवर, पंख अर्धे उघडलेले. वंचक होता. पाठ मातकट, पंखाआड लपवलेलं पांढरं उघडं पडलेलं. डोळ्यावर मुंग्या.

डोमाची छाती भरून आली. आधी त्याला वाटलं, हे दुःख आहे. मग कळलं, हा आनंद आहे.

तो खाली बसला. पाखरू उचललं. त्याला वजनच नव्हतं, जणू वाळलेलं फूल. मान एका बाजूला लोळली आणि पिसांत काहीतरी चमकलं. धागा. कुणाच्या तरी फाटक्या जाळ्याचा नायलॉनचा धागा मानेभोवती दोन वेढे घेऊन जाळीच्या फांदीला गुंतलेला. वंचकाने ओढून ओढून तो मांसात रुतवून घेतला होता.

बराच वेळ डोमा त्या धाग्याकडे पाहत राहिला.

पाळीवर कुणी नव्हतं. पाण्यावर कुणी नव्हतं. आभाळ निळं होतं, वारा होता, लव्हाळं डुलत होतं, सगळं कसं स्वच्छ दिसत होतं. डोमाने धागा दाताखाली धरला आणि तोडला. वेढे सोडवले. धागा गुंडाळून चिखलात दाबला, वरून टाच फिरवली. वंचकाच्या मानेवरची पिसं अंगठ्याने नीट बसवली. मायेने बसवावीत तशी.

मग पाखरू संस्थेच्या पत्र्याखाली नेऊन मनीरामच्या खाटेवर ठेवलं. बोलायची गरज पडली नाही.

"झालं," मनीराम म्हणाला. "पाखरानं सांगतलं."

माणसं जमली, वाकून पाहिलं, च्यक् च्यक् केलं. बिरजाबाईही वाकली. तिने वंचकाची मान बोटाने उचलली, पिसं बाजूला सारली, मग हात पदराला पुसला आणि डोमाच्या तोंडाकडे पाहिलं. पाहतच राहिली.

"एकच?" ती म्हणाली.

डोमा पत्र्याखालून बाहेर पडला.

त्या दुपारी संस्थेने ठरवलं, फागूला तलाव बंद. डोंगा नाही, जाळं नाही, गळ नाही, पाण्यात पायसुद्धा नाही. निरोप घेऊन दोघं टोलीवर गेले. परत येऊन त्यांनी सांगितलं, फागूने ऐकून घेतलं, डोंगा ओढून अंगणात नेला, पालथा घातला आणि त्याच्यावरच बसून राहिला.

घट बसले. घराघरांत परडीतल्या मातीत धान्य अंकुरलं, पिवळं, कोवळं. डोमाच्या दारात कुणी आलं नाही. कोण येणार? ज्याने यायचं त्याला पाणीच बंद. फागूला पाण्याबाहेर काढताना डोमाने स्वतःलाही काढलं होतं, हे त्याच्या उशिरा ध्यानात आलं. आता दोन डोंगे पालथे होते, एक अलीकडे, एक पलीकडे, आणि मधे तलाव.

*

दसरा झाला आणि आभाळ पुन्हा भरून आलं.

पाऊस नाही, नुसती राख. वारा पडला. लव्हाळं थांबलं. पाणी हिरव्याचं काळसर हिरवं झालं, आणि त्यावर साय धरली. असे दोन दिवस गेले. तिसऱ्या पहाटे डोमाला जाग आली ती शांततेमुळे. बेडूक बोलत नव्हते.

तो पाळीवर आला. उजाडायचं होतं. पूर्वेला आभाळ थोडं फिकट झालं होतं इतकंच.

आणि पाखरं आली होती.

कुठून, कुणास ठाऊक. कुठल्या कुठल्या तळ्यांवर पांगलेले बगळे परत आले होते. पांढरी, गच्च, मुकी रांग काठाला लागून उभी होती, माना पुढे काढून. ती सगळी एकाच दिशेला पाहत होती. पाण्याकडे. अजून काही घडलं नव्हतं आणि पाखरांना कळलं होतं.

डोमा खाली उतरला. कान दिला. पाणी चुटपुट करत होतं. तान्ही मुलं झोपेत ओठ चोखतात तसा आवाज, एकाचा नव्हे, हजारांचा. मग डोळे सरावले आणि त्याला दिसलं. पाण्याला तोंडं फुटली होती. गोल, उघडी, मिटणारी, पुन्हा उघडणारी. पहिल्या मरणातून वाचलेले थोडे रोहू, थोडे कतले, पावसात जन्मलेली त्यांची बोटाएवढी पिलं, पुढच्या सालाचा सगळा तलाव पाण्याच्या छताला तोंड लावून हवा मागत होता.

डोमाने इकडे पाहिलं. तिकडे पाहिलं. सवयच लागली होती. कुणाची तरी पाठ दिसेल, पाठीवर निळी टाकी दिसेल.

कुणी नव्हतं. काठावर एक पाऊल उमटलेलं नव्हतं. पलीकडे फागूची बांधी पिवळी पडून कापणीला आली होती, तिला फवारायचं काही उरलं नव्हतं.

कुणी मारत नव्हतं. ऊन नव्हतं, वारा नव्हता, म्हणून श्वास नव्हता. एवढंच होतं. भाद्रपदातही एवढंच होतं. मरणामागे कुणी उभा असलाच पाहिजे असं नसतं. कधी कधी मरणामागे फक्त आभाळ असतं.

हे त्याला माशांबद्दल कळलं. मग, पाण्याकडे पाहत असतानाच, आषाढातली ती रात्र त्याच्यासमोर आली. कोसळणारा पाऊस, काळा तलाव, काठावर डोंगा धरून उभा असलेला एक माणूस आणि घरात तापाने फणफणणारी त्याची बहीण. त्या पाण्यात डोंगा घातला असता तर दोघंही गेली असती. डोमा ढिवर होता. हे त्याला पहिल्या दिवसापासून कळत होतं.

पायाशी एक कतला कुशीवर कलंडला.

डोमाने वेळूची काठी उचलली आणि पाण्यात पाय घातला.

कुणी हात धरला नव्हता. पाणी घोट्याला लागलं, पोटरीला लागलं, गुडघ्याला लागलं. ते कोमट होतं, ओळखीचं होतं. कमरेइतक्या पाण्यात तो उभा राहिला आणि काठी मारू लागला. पाणी फुटू दे, उडू दे, हवा प्यायला मिळू दे. तो मारत होता आणि ओरडत होता, "फागू... ए फागू..."

पलीकडच्या टोलीत कुठेतरी दार वाजलं. थोड्या वेळाने बोअरची मोटर सुरू झाली. अंधुक उजेडात एक माणूस जाड पाइप खांद्यावर घेऊन बांधीच्या कडेला आला, पाइप उंच धरला, आणि पाण्याचा पांढरा लोट उंचावरून तलावात पडू लागला. फेस उठला. फेसाभोवती पाणी जिवंत झालं.

डोमाला समजलं. तो काठी मारत काठाकाठाने निघाला. आयुष्यभर त्याने असेच मासे हाकले होते, जाळ्याकडे. आज तो त्यांना हवेकडे हाकत होता. तोंडं वळली. छोटी तोंडं, मोठी तोंडं, दमलेली, लटपटणारी, हळूहळू त्या फेसाकडे सरकू लागली.

तो फागूच्या काठाशी पोचला तेव्हा उजाडलं होतं. फागूने पाइप मेढीला बांधला होता आणि हात रिकामे करून काठावर उभा होता, पाण्यापासून एक पाऊल मागे.

"काठी उभी नका मारू, भाऊजी. आडवी मारा. पाणी उडाले पायजे."

"उतर ना मंग."

"मले तलाव बंद हाय."

ते त्याने टोमण्याने म्हटलं नाही. पाऊस थांबला आहे, असं सांगावं तसं म्हटलं.

डोमा कमरेइतक्या पाण्यात उभा राहिला. दम लागला होता. मग त्याने हात पुढे केला. फागूने त्या हाताकडे पाहिलं, त्यावरून निथळणाऱ्या हिरव्या पाण्याकडे पाहिलं. रीत उलटी होत होती. डोमाचा हात धरून त्याला पाण्यात न्यायचं ते फागूने, आणि आज डोमाच त्याला नेत होता. त्याने हात धरला आणि तो उतरला.

मग दोघं पाणी मारत राहिले, एक काठीने, एक काठावर पडलेल्या तगारीने. नुसता पाण्याचा आवाज, आणि त्याखाली मोटरचा.

"त्या सांजी दाराशी येऊन परत गेलता," डोमा पाण्याकडे पाहत म्हणाला. "हाक नाही मारली."

"दार उघडं होतं," फागू म्हणाला. तगारी भरली, रिती केली. "पयले दार उघडं दिसलं की आतून ताई म्हणायची, पाय धुऊन ये. त्या दिवशी कोणी काही म्हणलं नाही. मले पाऊल उचलवलं नाही, भाऊजी."

डोमाने काठी आडवी मारली. पाणी उडालं, तोंडावर आलं. तोंड पुसायला त्याला बरं निमित्त मिळालं.

*

मग वारा आला.

आधी कोसमाच्या शेंड्याला कळलं, मग लव्हाळ्याला, मग कमळाच्या पानांना. पानं उलटी होऊन लालसर पोटं दाखवू लागली. राखेला पूर्वेकडून एक चीर पडली. उन्हाची तिरीप पाण्यावर आडवी झाली, आणि ज्या पाण्याला तोंडं होती त्या पाण्याला लाटा आल्या. एकेक तोंड मिटलं. एकेक मासा खाली गेला, जिथे मासे असतात तिथे. काही गेले नाहीत. काही पांढरे झाले होते, ते तसेच तरंगत राहिले. पण तलाव त्या दिवशी हिरवाच राहिला.

बगळ्यांची रांग अस्वस्थ झाली. एकाने पाय बदलला. एकाने पंख उघडले. आणि मग अख्खा काठ आभाळात उचलला गेला, उन्हात पांढराशुभ्र, उपाशी, जिवंत.

अलीकडच्या पाळीवर माणसं जमू लागली होती. मनीराम दिसत होता. घमेलं घेतलेली बिरजाबाई दिसत होती.

"डोमा," मनीरामने पाण्यावरून हाक दिली. "तू पाण्यात कसा? अन् त्याले कोणं उतरू देलं?"

फागूने तगारी काठावर ठेवली आणि तो बाहेर निघाला. पाइप सोडला, खांद्यावर घेतला, ओल्या पावलांनी बांधावरून चालत गेला. मागे वळला नाही. मोटर बंद झाली.

डोमा पाण्यातच उभा होता. वारा त्याच्या ओल्या अंगावरून जात होता. अंगाला चिखलाचा, शेवाळाचा, खवल्यांचा वास होता. बिरजाबाई नुसती त्याच्याकडे पाहत होती.

त्याने तोंड उघडलं. वारा आत गेला.

फागूला तलाव अजून बंदच होता. त्या वंचकाला विषाने मारलं नव्हतं, हे सभेत उभं राहून डोमाने सांगायचं होतं. ते राहिलं होतं.